अर्धीची करामत

आत्याबाईंची वाचा गेली तेव्हा आमच्या घरातलं निम्मं बोलणंच बंद पडलं. त्या फार बोलक्या होत्या अशातला भाग नाही. पण आमच्यात रीत अशी की भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सुनेनं तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. ते मलकापूरहून घरी आले आणि समोर हातभर अंतरावर बसले तरी मी सासूकडे बघून म्हणायची, "आत्याबाई, चहा ठेवू काय, विचारा त्यायले." त्यांना ते ऐकू गेलेलं असायचंच. तरी आत्याबाई मान वळवून म्हणायच्या, "निवृत्ती, चहा घेतं काय?" आणि भासरे म्हणायचे, "हाव माय, साखर कमी टाक म्हणा." मग साखर त्याच वाटेनं माझ्याकडे यायची. लग्न होऊन आल्यापासून हे असंच चाललेलं, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

होळी झाली आणि एका सकाळी ताक घुसळता घुसळता आत्याबाईंच्या हातातून रवी गळाली. उजवं अंग गेलं, जीभ गेली. एकच शब्द उरला, "बाबा." भूक लागली की बाबा, ऊन आलं की बाबा, माशी बसली की बाबा. आणि काहीही विचारलं तरी मान हलायची, होकाराची. "आत्याबाई, भाकर देऊ?" हो. "नको?" हो. त्यामुळे आमच्या डोणगावात लोक हळूच बोलू लागले की मनकर्णाबाईचं अंग गेलं तसं डोकंही गेलं.

मला ते पटत नव्हतं. मी त्यांना न्हाऊ घालायची, डाव्या कुशीवर निजवायची, भाकर ताकात कुस्करून भरवायची, आणि त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या ती नजर डोकं गेलेल्या माणसाची नव्हती. मीठ विसरलं की ती नजर मला पूर्वीइतकीच बोलायची.

एक खरं सांगते. त्याच फाल्गुनात माझं मेहकरला जायचं चाललं होतं. तिथं पावसाळ्यापासून बालवाडीच्या बायांचं शिक्षण निघणार होतं. तिथंच राहून शिकायचं आणि मग आपल्याच गावात लेकरं सांभाळायची, तीही पगारावर. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून एकेक करून जमवली. मला लेकरूबाळ नाही. ग्रामसेविकाबाईंनी माझं नाव विचारलं तेव्हा मी आधी हसले आणि नंतर चुलीपाशी बसून रडले. घरात ते फक्त आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाय वो. घरचं मी पाह्यतो." मी एक पिशवीही शिवली, निळ्या काठाची, आणि खुंटीला टांगून ठेवली. रवी गळाली त्या दिवसापासून ती तशीच टांगलेली होती. तिच्याकडे बघायचं मी सोडून दिलं होतं. पण उतरवलीही नव्हती.

वैशाखात भासरे आले. निवृत्तीभाऊ बायकोला, आशाबाईंना, घेऊन मलकापूरला राहायचे, सरकी काढायच्या जिनात कापूस जोखायच्या कामावर. माणूस मोठा, मिशीचा, आणि मनानं मऊ. आल्या आल्या आईच्या पायाशी बसले, तिचं लुळं बोट धरून ठेवलं, आणि भिंतीकडे बघून म्हणाले,

"माय, हिले सांग, मी तुले घेऊन जातो. तिकडे डॉक्टर हाय. आशा हाय घरात. अन् इथं तुले काही समजत नाही आता, तर इथं काय अन् तिथं काय."

आत्याबाई म्हणाल्या, "बाबा." मान हलली.

मी चौकटीआडून पदर सावरून म्हटलं, "आत्याबाई, त्यायले सांगा, तुमाले सगळं समजते. तुमचं सारं आयुष्य या घरात गेलं. इथल्या कडुनिंबाखाली बसल्याबिगर तुमाले झोप येत नाही म्हणा."

"बाबा," आत्याबाई म्हणाल्या, आणि मान हलली.

शेजारची जनकाकाकू ओसरीच्या कडेला तंबाखू चोळत बसली होती. ती म्हणाली, "काय वो, मुकी बाई मंधात बसवून दोघं जण बोलून राह्यले! पोष्टाची पेटी केली तिची. येक टाकते, दुसरा टाकते, अन् पेटी म्हणते बाबा."

निवृत्तीभाऊंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. आमचे उत्तमराव (नाव घ्यायला आता वयानंच परवानगी दिली आहे) दारात उभे होते. ते म्हणाले, "दादा म्हणन तसं." आयुष्यभर त्यांनी हेच एक वाक्य जपून वापरलं आहे.

"मायले इचारलं असतं," भासरे म्हणाले. "पण इचारून काय? हाव म्हणते अन् नाहीलेही हाव म्हणते."

त्यांचं बरोबर होतं. आणि मग मला जनावरांचा डबा आठवला.

हा डबा म्हणजे आमच्या घरची दौलत. सासरे जुन्या काळी गाडीत कापूस भरून मलकापूरला न्यायचे. येताना कापडाच्या ठाणांवरचे रंगीत कागदी छाप घेऊन यायचे, कारण बायकोला चित्रं आवडतात. त्या छापांवर देव असत, राण्या असत, पण आत्याबाई वेगळी काढून ठेवायच्या ती जनावरं, आणि त्यातही जगात नसलेली. पुढून हत्ती मागून मासा. पंख असलेली घोडी. दोन मुंड्यांचा पक्षी. चिंचोक्याच्या खळीनं ती पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी पत्ते केले आणि प्रत्येक जनावराला एक करामत दिली. अक्षर येत नसल्यानं करामती कुठं लिहिल्या नाहीत, त्या तोंडीच राहिल्या. खेळाचं नाव जनावरी. उन्हाळ्यात कामं नसली की दुपारी कडुनिंबाखाली सगळी आळी जनावरी खेळायची. पोरांनी काडेपेट्यांवरची जनावरं घेऊन आपापले पत्ते केले होते आणि अदलाबदलीला ऊत यायचा. "दोन वाघ घे बे, येक घोडी दे." आत्याबाई वाघाला मोजत नसत. म्हणायच्या, "वाघाले काय करामत? खाल्लं अन् झोपला."

खेळ सोपा. दोघांनी एकेक जनावर टाकायचं. मोठं लहानाला बांधतं आणि आपल्या दाव्याला, म्हणजे आपल्या बाजूला, नेतं. शेवटी ज्याच्या दाव्याला जास्त बांधलेली, त्याचा डाव. पण करामत आडवी आली की लहान-मोठं राहत नाही, आणि करामत ज्याची त्यानं आठवणीनं वापरायची. विसरलं तर गेलं. डोकं गेलेल्या माणसाला जनावरी खेळता येणार नाही, हे आळीतलं पोरही सांगेल.

मी डबा आणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, त्यायले सांगा, येक डाव खेळून पाहा म्हणावं. करामती याद असल्या तर डोकं शाबूत. मंग तुमाले इचारल्याबिगर कोणी नेणार नाही."

निवृत्तीभाऊंनी डब्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. लहानपणी आईच्या मांडीला टेकून ते हेच खेळले होते. "चाल माय," ते म्हणाले. "याद असन तर नेत नाही. तू म्हणशीन तसं."

चार-चार जनावरं निवडायची ठरलं. पत्ते चित्र वर करून पसरले. मान मोठ्याचा, म्हणून पहिली निवड आत्याबाईंची. डावा हात पुढं आला, वाघावरून गेला, गेंड्यावरून गेला, आणि अर्धीवर थांबला.

जनकाकाकूनं तोंडावर हात ठेवला.

अर्धी म्हणजे फाटलेल्या छापाचं जनावर. मागचे पाय आणि शेपूट तेवढी छापाची. पुढचा भाग आत्याबाईंनी स्वतः काजळानं काढलेला. ती बकरी आहे, हरीण आहे की गाढव, यावर आळीत आजवर एकमत झालेलं नाही. अर्धी लढत नाही. ती आपणहून समोरच्याच्या दाव्याला जाऊन उभी राहते. टाकणाऱ्याचा डाव तिथंच जातो. त्या बदल्यात त्याचं बांधलेलं एक जनावर, तो म्हणेल ते, समोरच्याला सोडावं लागतं. आणि गेलेली अर्धी परत मागायची नसते. असलं जनावर पोरं फुकटातही घेत नसत. मी स्वतः त्या घरात कोणाला अर्धी टाकताना कधी पाहिलं नव्हतं.

"पाहा," निवृत्तीभाऊ हळूच म्हणाले. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. "गेलं माय तिचं ध्यान."

बाकीची निवड मात्र ठीक झाली. आत्याबाईंनी मासहत्ती घेतला, घोडी घेतली, वाघीण घेतली. निवृत्तीभाऊंनी पोरासारखी मोठमोठी उचलली, वाघ, गेंडा, हत्ती, आणि शेवटी मोठं काही उरलं नाही म्हणून कोल्हा.

आत्याबाईंचा एकच हात चालायचा, म्हणून त्यांची पानं मी धरायची ठरलं. जनकाकाकू लगेच म्हणाली, "तू धर, पण डोये झाक. नाही तर तूच खेळशीन अन् नाव तिचं." तसंही भासऱ्यांसमोर बसायचं म्हणजे पदर घ्यायचाच. तो मी नाकाच्या खाली ओढला. मग मला माझ्या मांडीपलीकडचं काही दिसेना. पुढचा सगळा डाव मी ऐकला.

"निवृत्तीनं वाघ टाकला वो," जनकाकाकू आंधळ्याला जत्रा सांगावी तसं सांगू लागली. माझ्या हातातलं एक पान हललं, निघालं. "मनकर्णानं मासहत्ती टाकला. खाल्ला आता वाघानं." आणि मग, "अग माय! उलटा केला! पाण्यात गेला तो!"

मासहत्तीची करामत तीच. मोठं जनावर आलं की मासहत्तीचं पान ताबडतोब पालथं करायचं, म्हणजे तो बुडी मारतो. क्षणभर विसरलं तर बांधला जातो. आत्याबाई विसरल्या नव्हत्या. पदराच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं कोणाला दिसत नाही, ही एक पदराची सोय.

दुसऱ्या पाळीला आत्याबाईंनी घोडी टाकली. निवृत्तीभाऊंनी गेंडा टाकला.

घोडीला कोणीच बांधू शकत नाही. ती उडून जाते. फक्त टाकताना मोठ्यानं "हुर्र" म्हणावं लागतं.

"बा," आत्याबाई म्हणाल्या. "बा. बाबा." घशातून काही तरी वर चढत होतं आणि ओठांपाशी येऊन दर वेळी तेच होत होतं. "बाबा."

"झालं झालं," जनकाकाकू घाईनं म्हणाली. "म्हणली ती. आपल्या परीनं म्हणली. मुक्या माणसाले सूट दे बाप्पा."

"दिली," निवृत्तीभाऊ म्हणाले. "घे माय, उडाली तुयी घोडी."

पुठ्ठा जमिनीवर घासल्याचा आवाज आला. मग उत्तमरावांनी सांगितलं, "मायनंच घोडी दादाच्या दाव्याले नेऊन ठेवली. सूट नको म्हणते."

मला ती घोडी बांधलेली बघवली नसती, बरं झालं पदर होता. कारण ती माझी होती. मी नवी नवरी असताना खूप भराभर चालायची, पाण्याला गेले की निम्मी घागर वाटेत सांडायची. आत्याबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात डबा उघडला, घोडी काढली आणि म्हणाल्या, "ही तुयी. पंख हाय म्हणून घर फोडू नको." तेव्हापासून माझं नाव घोडी. रागावल्या तरी घोडी, लाडात आल्या तरी घोडी.

तिसऱ्या पाळीला निवृत्तीभाऊंचा हत्ती आला. आत्याबाईंनी माझ्या हातातलं पान घेतलंच नाही. पालथा पडलेला मासहत्ती उलटवला. बुडी मारलेला मासहत्ती एकदा मागून वर येतो आणि समोर कितीही मोठं जनावर असो, त्याला बांधतो. हत्ती बांधला गेला. दाव्याला एकेक झालं. बरोबरी.

"वा माय!" निवृत्तीभाऊ ओरडले. मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. "वा! मले पोट्टा असतानी अशीच हरवत जाय. हारलो मी. समजते तिले, सगळं समजते. नाही नेत. उत्तम, नाही नेत बे मी तिले."

मला वाटलं आता पदर वर करावा. पण जनकाकाकू म्हणाली, "डाव तर पुरा करू दे तिले. येकच पाळी राह्यली. कोल्हा हाय त्याच्यापाशी, तिच्यापाशी वाघीण. टाक मनकर्णे, खाऊन टाक कोल्ह्याले."

मासहत्ती दोनदा आल्यामुळे माझ्या हातात अजून दोन पानं होती. कोपऱ्यावर हात फिरवूनच मला ती ओळखू येत. वाघीण बाहेरच्या अंगाला होती, सहज हाताशी लागेल अशी मीच धरली होती. आत्याबाईंची बोटं आली. वाघिणीवर क्षणभर टेकली. मग तिला बाजूला सारून आतलं पान ओढू लागली.

मी पान सोडलं नाही. हे कबूल करायला हरकत नाही. मी दोन बोटांत दाबून धरलं. त्यांनी पुन्हा ओढलं. डाव्या हातात जोर तो किती. तरी त्या ओढत राहिल्या, आणि शेवटी माझीच बोटं सुटली.

जनकाकाकूची जत्रा बंद पडली. काही ऐकू येईना म्हणून मी पदर वर केला.

अर्धी जमिनीवर नव्हती. आत्याबाईंनी ती निवृत्तीभाऊंच्या तळहातावर ठेवली होती आणि वरून त्यांची बोटं मिटवत होत्या. मोठ्या मिशीचा माणूस पोरासारखा हात पुढं करून बसला होता. मग त्या वाकल्या, त्याच्या दाव्यातली घोडी दोन बोटांनी ओढत ओढत आणली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"अवो, वाघीण सोडून!" जनकाकाकू कळवळली. "जितलेला डाव घालवला. खरंच गेलं वो हिचं डोकं."

"नाही काकू," निवृत्तीभाऊ म्हणाले. "पह्यल्या निवडीलेच अर्धी घेतली होती तिनं."

आत्याबाई आता माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या खुंटीकडे बघत होत्या. निळ्या काठाची पिशवी तिथं होती, तिच्यावर चुलीच्या धुराची कड चढलेली. "बाबा," त्या म्हणाल्या. मान हलवली नाही. बघत राहिल्या, माझ्या नजरेला त्या पिशवीपर्यंत जावं लागेपर्यंत.

मी घोडी उचलून परत त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती पुन्हा माझ्या मांडीवर टाकली. मी परत ठेवली. तिसऱ्यांदा त्यांनी ती माझ्या झंपरच्या गळ्यातच खोचली आणि मुठीनं वरून दाबली. त्या मुठीत डोकं गेल्याचं काहीही नव्हतं.

"कोठी जायचं हाय हिले?" निवृत्तीभाऊंनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळेना. आईला विचारावं तर आई मुकी, मला विचारावं तर रीत. त्यांची नजर आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर थांबली.

उत्तमराव पहिल्यांदाच आपलं वाक्य सोडून बोलले. "मेहकरले, दादा. बालवाडीच्या शिक्षणाले. मायसाठी थांबली."

निवृत्तीभाऊंनी मूठ उघडली. काजळाचं तोंड घामानं थोडं पसरलं होतं. "मायासंग येतं माय?" ते म्हणाले. त्यांना उत्तर नको होतं, ते हातातच होतं. तरी आत्याबाई "बाबा" म्हणाल्या, आणि तो शब्द एकदाचा ज्याचा त्याला लागला. अर्धीला त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

सकाळी मेहकरची एसटी होती. तिथून बुलढाणा, मग मलकापूर. मी गाठोडं बांधलं, वाकळ बांधली, ताकासाठी रवी बांधली, आणि ती पुन्हा सोडली कारण मलकापुरात रवी असतेच. निवृत्तीभाऊंनी आईला उचलून घेतलं. एसटीत बसवताना त्यांनी तिला उजव्या कुशीवर टेकवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"दादा, उजव्या अंगावर नका टेकवू!"

गावासमोर, एसटीसमोर, पदर खांद्यावर. मी आत्याबाईंकडे बघून बोलायला हवं होतं, पण त्या तर निघाल्या होत्या. मधली वाटच जात होती.

निवृत्तीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. सरळ. "सांगा, शालूबाई," ते म्हणाले. "आणखी काय काय? बोला, मी याद ठेवतो."

मग मी सांगितलं. भाकर ताकात कुस्करायची, दुधात नाही. मीठ विसरलं तर त्या बघतील, ती नजर चुकवायची नाही. पायाला तेल सकाळी, रात्री नाही. दुपारी कडुनिंब नसला तर निदान खिडकी. माशी बसली की बाबा म्हणतात तो आवाज वेगळा, भुकेचा वेगळा, आशाबाईंना सांगा, कळेल हळूहळू. कंडक्टरनं घंटी ओढली तरी मी सांगत होते. निवृत्तीभाऊ प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणत होते आणि पुन्हा स्वतःशी म्हणून बघत होते. आत्याबाईंनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं नाही. त्या ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होत्या, जणू गाडी वेळेवर सोडायची जबाबदारी त्यांचीच.

मेहकरचं शिक्षण झाल्यावर मी मलकापूरला गेले. आशाबाईंनी दारातच सांगितलं, "माशीचा बाबा वळखू येते मले आता." आत्याबाई खिडकीपाशी होत्या, वाळलेल्या, पण केस नीट विंचरलेले. भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत अर्धी खोचली होती.

मी डबा बरोबर नेला होता. पानं पसरली. डाव लावला असा की माझ्या मनासारखं झालं तर त्यांची चार जनावरं माझ्या दाव्याला येतील, आणि मग मी ती सोडते म्हणेन, फक्त अर्धी द्या म्हणेन. गेलेली अर्धी परत मागणं नियमात बसत नव्हतं. पण नियम तोंडीच होते, आणि तोंड आता माझ्याकडे होतं. डाव सरला. मी चारही जनावरं त्यांच्याकडे सरकवली, आरशाकडे हात नेला आणि म्हटलं, "आत्याबाई, चाला ना घरी."

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. डाव्या हाताचीच, पण चांगली लागली.